शेरा : असंभाव्य

"सर, एक विचारू? ह्या लिफ्टमधल्या बाईचं पुढे काय झालं हो?"

टायपिंगच्या बाईंनी हे विचारलं तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते आणि तो डोळ्यांत औषधाचे थेंब घालून, मान मागे टाकून, छताकडे बघत बसला होता. कोशाच्या कचेरीत लिफ्ट नव्हती. तीन मजले होते, एकेका जिन्याला एकवीस पायऱ्या होत्या, आणि हा हिशेब त्याचे गुडघे रोज सकाळी नव्याने मांडत. त्याला वाटलं, शेजारच्या इमारतीत कोणीतरी अडकलं असेल. "कुठे अडकलीय?" त्याने छताला विचारलं. बाई हसल्या. "अडकलीय खरी, पण इथे. कार्डांत. एकेक कार्ड टाइप करत गेले ना, तर गोष्टच लागली की हो. बिचारी बादल्या काय उचलते, सासऱ्याला काय उचलते... आणि तो नवरा! असला माणूस बघितला नाही मी. पुढच्या शब्दात येते का ती परत?" तो म्हणाला, "कोशात गोष्ट नसते, बाई. शब्द असतो, अर्थ असतो आणि उदाहरण असतं." बाई "हो का" म्हणाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. तीन मुलं एकटीने मार्गी लावलेली बाई होती ती. कोणी काही शिकवायला लागलं की "हो का" म्हणायची आणि आपलं तेच करायची.

त्याच्या डोळ्यांतले थेंब गालावर आले होते, ते त्याने रुमालाने टिपले. काही झालं नव्हतं. पण खुर्चीत नीट बसवेना. इंग्रजी शब्दांना आपल्या भाषेत अर्थ देणारा हा कोश, त्याची पस्तीस वर्षं ह्या कोशात गेलेली. आता सगळी जुनी कार्डं संगणकावर चढवायची होती, म्हणून ह्या बाई कंत्राटावर आल्या होत्या, आणि चढवायच्या आधी कुठलं उदाहरण ठेवायचं नि कुठलं काढायचं यावर त्याची सही लागत होती. मुख्य तपासनीस तो. कचेरीत त्याच्या पाठीमागे त्याला 'स्वल्पविराम' म्हणत, हे त्याला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. ह्या कोशात चुकीच्या जागी पडलेला एकही स्वल्पविराम सापडणार नाही, असं तो पैजेवर सांगे. कोशाची घडी बसवून दिली ती थोरल्या संपादकांनी. त्यांचे नियम तीन. उदाहरण आठ शब्दांच्या आत. उदाहरणात कोणाचं नाव नको, नुसतं 'तो' आणि 'ती'. आणि तपासनिसाकडे कार्डं जायची ती पत्त्यांसारखी पिसून, म्हणजे एका शब्दाची वाक्यं एकामागून एक येणार नाहीत, नजर सैलावणार नाही, प्रत्येक वाक्य त्याच्या त्याच्या लायकीवर तोललं जाईल. तपासलेलं कार्ड परत फिरत नसे. दुरुस्ती तपासनीस करी, शिपाई कार्डं क्रमाने लावी आणि ती थेट छापखान्यात जात. लिहिणाऱ्याला आपल्या वाक्याचं काय झालं हे छापून आल्यावर बघायचं असलं तर बघावं. 'ए' पासून 'आर' पर्यंतची उदाहरणं लिहिली होती त्याच्या बायकोने.

हीच बायको येत्या रविवारी अकरा वर्षांनी घरी येणार होती. यायचं म्हणजे चहाला यायचं, बसायचं, त्याचं म्हणणं ऐकायचं आणि मग राहायचं की नाही ते ठरवायचं. मुलीने दोन्हीकडे चार महिने हेलपाटे घालून हे जमवलं होतं. महिनाअखेर तो निवृत्त होणार होता, आणि निवृत्तीनंतरच्या घराची कल्पना त्याला करवत नसे. सकाळी उठायचं, आणि मग? त्याने आतली खोली झाडून घेतली होती, नवी गादी आणली होती, कान तुटलेले चहाचे कप फेकून दिले होते. मुलीने बजावलं होतं, "बाबा, आईला उलटसुलट विचारत बसू नका." पण विचारायचं तर एकच होतं, आणि ते तो अकरा वर्षं भेटेल त्याला ऐकवत आला होता. एका शब्दाने बोलली असती तर! भांडली असती, रडली असती, चार भांडी आपटली असती, तरी माणसाला कळलं असतं. मुलीचं लग्न झालं, आठ दिवसांत घर आवरलं आणि एक दिवस ही बाई दोन पिशव्या घेऊन भावाकडे निघून गेली. का, ते नाही सांगितलं. लोक हळहळत. त्याला ती हळहळ गोड लागे. मुलीकडून त्याने हाच प्रश्न पाठवला, तेव्हा उलट निरोप आला, "सांगितलं होतं. लिहून दिलं होतं." त्याने कपाटं धुंडाळली, पत्रं उलगडली, जुन्या डायऱ्या झटकल्या. काही सापडलं नाही. बायकांना बोलायची सवय असते, असं म्हणून त्याने तो विषय मिटवला होता.

लिहून दिलं होतं. तो उठला आणि टायपिंगच्या बाईंच्या टेबलाशी गेला. "'लिफ्ट' शब्दाची कार्डं द्या जरा." बाईंनी रबरबँड लावलेला गठ्ठा दिला. पिवळट पडलेली कार्डं, वरच्या कोपऱ्यात अर्थाचा आकडा, खाली दोन चौकटी, 'लिहिणार' आणि 'तपासणार'. एका चौकटीत तिचं पेन्सिलीतलं बारीक अक्षर, दुसऱ्या चौकटीत त्याची हिरव्या शाईतली सही. सही झोकदार होती. तेव्हा हात कापत नसे. पहिलं कार्ड. उचलणे, वर नेणे. 'तिने भरलेली बादली दुसऱ्या मजल्यावर उचलून नेली.' दुसऱ्या मजल्यावर ते राहत असत आणि नळाला पाणी चढत नसे, हे खरं, पण दुसऱ्या मजल्यावर जगात लाखो माणसं राहतात. तिसरं कार्ड. मान, नजर वर करणे. 'जेवताना, तो मान वर करत नाही.' ह्यातला स्वल्पविराम त्याने काढला होता. बरोबरच होतं, तिथे त्याची काही गरज नव्हती. जेवताना तो प्रुफं वाची. सगळा कोश ताटाशेजारी वाचून झाला, असं तो अभिमानाने सांगे, आणि आता त्याला आठवायचा प्रयत्न करूनही आठवेना की समोर ती बसायची की नंतर जेवायची. चौथं कार्ड, नकारार्थी वापर, बोटही न उचलणे. 'त्याने घरात इकडची काडी तिकडे केली नाही.' खाली त्याच्या अक्षरात शेरा, 'वाक्प्रचाराची निवड सुरेख.' त्याचे कान गरम झाले. टायपिंगच्या बाई आपल्याकडे बघतायत की काय म्हणून त्याने गठ्ठा घेतला आणि तो आपल्या जागेवर आला.

पाचव्यावर तो बराच वेळ थांबला. बंदी, निर्बंध उठवणे. 'त्याने तिच्या माहेरी जाण्यावरची बंदी उठवली, तेव्हा आई गेलेली होती.' स्वल्पविरामापासून पुढचं सगळं हिरव्या रेघेखाली गेलं होतं आणि समासात लिहिलं होतं, 'शब्दमर्यादा. उत्तरार्ध अनावश्यक.' त्याने बंदी घातली नव्हती! हे तो जवळजवळ मोठ्याने बोलला. बंदी हा शब्दच इथे नेमका नव्हे. तो एवढंच म्हणत असे की आत्ता नको, 'के' ची प्रुफं हातावेगळी होऊ देत, आत्ता नको, वडिलांजवळ कोण बसेल, आणि हे म्हणताना त्याचा आवाज कधीही चढलेला नव्हता. मग तार आली. ती गेली आणि तेराव्या दिवशी परत आली, तेव्हा त्याने दारातच विचारलं होतं की किल्ली नेली होतीस का, सापडत नव्हती. त्याला तिचा त्या दिवसाचा चेहरा हवा होता आणि आठवत होती ती किल्ली. आणि तिच्याशी बोलायचं झालं की दर वेळी असंच होई. ती तावातावाने काही सांगायला लागे आणि एखाद्या शब्दावर त्याचं पाऊल अडखळे. "मला वैताग आलाय," ती म्हणे. "वैताग की उबग? दोन्ही एक नव्हेत," तो म्हणे, हसून, गमतीने, आणि तिने एकदा स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून विचारलं होतं, "दोन्ही आले असतील तर?" तोही त्याला चांगला प्रश्न वाटला होता. त्याने तो वहीत टिपून ठेवला होता.

सहावं कार्ड. चोरणे, विशेषतः दुसऱ्याचे लेखन. 'त्याने तिच्या टिपणांतला मजकूर उचलून आपल्या नावावर छापला.' शेरा, 'उत्तम.' समानार्थी शब्दांवरचा तो लेख. त्याच लेखामुळे थोरल्या संपादकांनी त्याला मुख्य तपासनिसाच्या खुर्चीत बसवलं, आणि त्यातली निम्मी टिपणं तिच्या वहीतली होती हे त्या दोघांशिवाय कोणाला माहीत नव्हतं. नवराबायकोत कसली आली चोरी? एका घरातलं एका घरात. त्याने तिला तसं म्हटलंही होतं आणि ती "बरं" म्हणाली होती. मग आठवं, लिफ्ट म्हणजे माणसं वर नेणारा पाळणा. 'लिफ्टमध्ये दोघेच होते, पण बोलले कोणी नाही.' नववं, वाटेत गाडीत घेणे. 'अनोळखी माणसाने तिला गाडीत घेऊन विचारपूस केली.' इथे त्याच्या मनात एक कळ उठली आणि तो स्वतःवरच चकित झाला, चोवीस वर्षांपूर्वीच्या त्या गाडीवाल्याबद्दल त्याला आज मत्सर वाटत होता. कोण होता तो? काय विचारलं असेल? थकलात का, असं विचारलं असेल. दोन शब्द. तेवढ्याने हिला ते लिहून ठेवावंसं वाटलं. अकरावं कार्ड शेतातली गाजरं जमिनीतून उपटून काढण्याचं होतं आणि त्यात तो नव्हता, ती नव्हती, नुसती गाजरं होती. गाजरं बघून त्याला इतकं हायसं वाटलं की त्याने पाणी पिऊन घेतलं.

दुसरं कार्ड मधे निसटलं होतं. ते शेवटी हाती आलं. व्यक्तीला उचलणे. पेन्सिलीत होतं, 'तिने आजारी सासऱ्यांना एकटीने उचलून पलंगावर ठेवले.' त्यावर हिरव्या शाईने 'तिने' खोडून 'परिचारिकेने' केलं होतं, 'सासऱ्यांना' खोडून 'रुग्णाला', आणि 'एकटीने'वर तर आडवी जाड रेघ मारली होती. समासात शेरा होता. 'असंभाव्य. एकटी स्त्री प्रौढ पुरुषाला उचलू शकत नाही. उदाहरण अनुभवाला धरून असावे.' त्या शेऱ्याखाली तारीख होती. तारखेवरून त्याला सगळी संगती लागली. त्या वर्षी त्याचे वडील, नाना, घरात अंथरुणाला खिळून होते. उजवी बाजू गेलेली, देह जडशीळ, आणि रात्री ते पलंगावरून घसरत, दिवसा घसरत, न्हाणीघराच्या दारात घसरत. परिचारिका घरात कधी आली नाही. तो सकाळी साडेनऊला कचेरीत यायचा आणि साताला परतायचा, आणि परतल्यावर वडील पलंगावर असायचे, चादर ताणलेली असायची, म्हणजे कोणीतरी त्यांना उचलत होतं. दोन वर्षं उचलत होतं. हे गणित मांडायला पस्तीस वर्षं कोश तपासायची गरज नव्हती. तिच्या कमरेला पट्टा आला त्या साली. त्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीतलं शुद्धलेखन बघितलं होतं, एवढं त्याला आठवलं. आणि त्याच आठवड्यात कधीतरी, ह्याच खुर्चीत बसून, चहा पिता पिता, त्याने एक कार्ड हातात घेतलं असेल, क्षणभर विचार केला असेल, नुसती सही ठोकली नसेल, खरोखर विचार केला असेल, की असं घडू शकतं का? आणि उत्तर दिलं असेल, नाही.

त्याला लाज वाटली, पण लाजेच्या आधी, खरं सांगायचं तर, थोडी फुशारकीही वाटली. सापडलं होतं! तिने लिहून दिलं होतं ते सापडलं होतं. मग तो उठून भिंतीशी लागून असलेल्या कपाटाकडे गेला आणि पुढच्या अक्षराचा, 'एम'चा, खण ओढून काढला. तिथे आणखी काय असेल ते आता एकदाच बघून घ्यावं, दात काढायचाच तर काढून टाकावा. त्याने मधूनमधून कार्डं उपसली. 'दूध पांढरे असते.' 'आरसा काचेचा असतो.' 'महिन्यात चार आठवडे असतात.' त्याने आणखी उपसली, पुढे 'एन', पुढे 'ओ'. 'रात्री अंधार असतो.' कुठे तो नाही, ती नाही. सगळी वाक्यं धुतलेल्या ताटांसारखी स्वच्छ, आणि त्यांच्यावर कुठे हिरवी रेघ नाही, नुसत्या सह्या. 'एम'च्या पहिल्या गठ्ठ्याला एक कागद टाचलेला होता. त्यावर त्याच्या अक्षरात होतं, 'उदाहरणांचा दर्जा लक्षणीय सुधारला आहे. अभिनंदन.' हे त्याने त्या वर्षीच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचूनही दाखवलं होतं. टाळ्या पडल्या होत्या. ती उठून उभी राहिली होती आणि तिने नमस्कार केला होता.

साडेचार वाजले. टायपिंगच्या बाई चहाला खाली गेल्या. बायको कालपासून मुलीकडे राहायला आलेली होती, हे त्याला ठाऊक होतं. रविवारपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता. रविवारी चहा असेल, मुलगी असेल, जावई असेल, आणि त्याला हे आत्ता सांगायचं होतं, ताजं ताजं. त्याला वाटत होतं की ह्याचा तिला आनंद होईल. म्हणजे आनंद नाही, पण समाधान. माणसाला चूक कळली, त्याने ती स्वतःहून शोधून काढली, कबूल केली, आणखी काय हवं असतं कोणाला? त्याने मुलीला फोन लावला आणि आईला दे म्हणाला. पलीकडे कुजबुज झाली. मग तिचा आवाज आला. अकरा वर्षांनी. जरासा घोगरा झाला होता.

"बोला."

"मी वाचलं," तो म्हणाला. "तू लिहून दिलं होतंस ते. लिफ्टमधलं. सगळं वाचलं."

ती म्हणाली, "आज?"

"आत्ता. दोन तास झाले नाहीत. कार्डं पिसून यायची गं, एका जागी कधी दिसलीच नाहीत मला. आज क्रमाने वाचली आणि..." त्याने रुमाल डोळ्यांना लावला, आणि त्याला ते बरंच वाटलं. "माझं चुकलं. फार चुकलं."

"पिसलेली असायची ते मला माहिती होतं," ती म्हणाली. आवाज मऊ पडला होता. "मी तेच म्हणायचे मनाशी. तिकडे भावाकडे राहून इतकी वर्षं तेच म्हणत आले. की माणूस दिवसाला दोनशे वाक्यं बघतो, कुठलं कुठे, कोणाचं काय, त्याला काय कळणार. आणि मी तरी कुठे सरळ लिहिलं? आडून आडून लिहायचं आणि समोरच्याने ओळखायचं, हा कुठला न्याय? पोचलंच नसेल तुम्हाला. नाहीतर मी रविवारी यायला तयार झाले असते का?"

"एक सांगायचंय," तो म्हणाला. त्याने सांगितलं नसतं तरी चाललं असतं. छापलेला कोश तिने कधी उघडून बघितला नव्हता, आणि आता बघणारही नव्हती. पण दुरुस्ती केली की तिची नोंद द्यायची, ही सवय हाडीमाशी खिळलेली, आणि शिवाय आज त्याला पूर्ण कबुलीची हौस आली होती. "नानांना उचलण्याचं जे वाक्य होतं ना तुझं. ते मी बदललं होतं. तू होतीस तिथे परिचारिका केलं."

"काय केलं?"

"परिचारिका. नर्स. आणि 'एकटीने' काढून टाकलं. शेरा पण आहे. एकटी बाई पुरुषाला उचलू शकत नाही, असं मला... म्हणजे तेव्हा वाटलं. अनुभवाला धरून नाही असं वाटलं."

आता ती रडेल, असं त्याला वाटलं, आणि रडली तर काय म्हणायचं ते त्याने मनात जुळवून ठेवलं होतं. पलीकडे मुलीच्या घरात कुकरची शिट्टी झाली. कोणीतरी तो बंद केला.

"म्हणजे वाचलं होतंत," ती म्हणाली.

"हो, पण एक सुटं वाक्य म्हणून..."

"सुटंच होतं ते. सुटंच कळण्यासारखं होतं. तुम्ही वाचलंत, थांबलात, विचार केलात. घरी नाना पडलेले होते, घरी मी होते. आणि तुम्ही मला काढून नर्स घातलीत." ती रागावलेली नव्हती. एखादा हरवलेला कागद हाती यावा आणि तो नीट घडी घालून ठेवावा, तशी ती बोलत होती. "मी अकरा वर्षं तुमची बाजू घेत होते. भावाशी भांडले, लेकीशी भांडले. म्हणायचे, त्याला दिसलंच नाही. बरं झालं सांगितलंत. रविवारी मी येत नाही."

"अगं, पण मी कबूल करतोय ना आता! आता तर मला सगळं..."

"तुम्हाला कळलं, चांगलं झालं. ठेवते."

फोन तिने ठेवला नाही, मुलीच्या हातात दिला असावा, कारण पलीकडून पावलांचे आवाज आले, दार लागल्याचा आवाज आला आणि मग मुलगी दबक्या, संतापलेल्या सुरात बोलायला लागली. "बाबा, काय सांगितलंत तुम्ही तिला? ती आत जाऊन पिशवी भरतेय. सकाळपासून साडी कुठली नेसू म्हणून मला विचारत होती हो ती. चार महिने मी... काय बोललात तुम्ही?"

"खरं तेच सांगितलं," तो म्हणाला.

"कसलं खरं? मला सांगा तरी काय झालं ते."

त्याने समोरचं कार्ड उचललं. मुलीला वाचून दाखवावं म्हणून त्याने चष्मा वर केला, पण खोडलेल्या शब्दांतून वाट काढत ते वाक्य मोठ्याने कसं वाचायचं हे त्याला कळेना. तिचं वाचावं की आपलं? पलीकडे मुलगी हॅलो हॅलो करत होती. तिने आणखी दोनदा हाक मारली, मग "आई, थांब ना जरा," असं दुसरीकडे तोंड करून म्हटलं आणि फोन बंद झाला. टायपिंगच्या बाई जिना चढून वर आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि पदराने मान पुसत म्हणाल्या, "सर, लिफ्टचं काय करायचं मग? तुमची सही राहिलीय."